खालची गाडी आधी

आमच्या शोरूमला दोन दारं. एक समोरचं, काचेचं, माणूस जवळ आला की आपोआप सरकणारं. दुसरं बाजूचं, वर्कशॉपकडून येणारं. ते खांद्याने ढकलावं लागे. गिऱ्हाईक समोरून येणार हे इमारत बांधणाऱ्याने गृहीत धरलं होतं. बेसिककाकांचं गिऱ्हाईक मात्र बाजूच्या दाराने यायचं. काका फाटकापाशी उभे राहत, "या, इकडून या, इकडे सावली आहे," म्हणत, आणि आलेल्या माणसाला वर्कशॉपला वळसा घालून, ग्रीसच्या वासातून आत आणत.

मी तिथे हिशेब बघतो. माझी केबिन हॉलच्या कोपऱ्यात आहे, तिन्ही बाजूंनी काच. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं मी जागेवरून न उठता पाहिलेलं आहे.

आधी नावाचं सांगतो. कंपनीची कुठलीही गाडी तीन-चार प्रकारांत येते. सगळ्यात खालची ती बेसिक. काचा हाताने फिरवायच्या, गाणी नाहीत, चाकांना झाकणं नाहीत, रंग पांढरा. सगळ्यात वरची ती टॉप. तिला पुढे मोठा स्क्रीन, छताला उघडणारी काच, आणि सीट बटणावर मागेपुढे होते. जाहिरातीत किंमत छापतात ती बेसिकची आणि फोटो छापतात तो टॉपचा. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते पार करून देण्यासाठी सेल्समन नेमलेले असतात. आमच्याकडच्या बाकी सगळ्यांची पद्धत एकच होती. कुटुंब समोरच्या दाराने आलं की त्यांना थेट हॉलच्या मधोमध, दिव्यांखाली उभ्या असलेल्या मोठ्या गाडीच्या टॉपमध्ये बसवायचं, एसी लावायचा, छत उघडायचं. पोराने छतातून डोकं बाहेर काढलं की बापाचं डोकं चालेनासं होतं. मग हप्त्याचा आकडा सांगायचा, किमतीचा नाही.

काकांची पद्धत उलटी. खालची गाडी आधी. कंपनीच्या सगळ्यात छोट्या गाडीचं बेसिक मॉडेल त्यांनी बाजूच्या दाराजवळ उभं करून घेतलं होतं, आणि हॉलच्या मध्यावर नजर जाण्यापूर्वी गिऱ्हाइकाला ते त्यात बसवत. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "वरच्या गाडीत बसून आलेल्या माणसाला खालची गाडी पोचे आलेल्या पातेल्यासारखी दिसते हो. खालची त्याला नकोशी होते आणि वरची झेपत नाही. येताना बिचारा एक गाडी मनात घेऊन आला होता, जाताना त्याच्याकडे एकही नाही. हे काय विकणं झालं?"

यामुळे त्यांना बेसिककाका म्हणत. त्यांचं कमिशन सगळ्यात कमी असे आणि गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त. नोकरीला लागले तेव्हापासून ते एकच गाडी विकत आले, म्हटलं तरी चालेल.

त्यांची दुसरी एक समजूत होती, आणि ती त्यांनी सगळ्या नव्या सेल्समनना शिकवली होती. गाडीत बसल्यावर माणूस काय बोलतो ते ऐकायचं. "हँडल जड आहे, मागे पाय अडकतात, काचेला आवाज येतो, असं जो म्हणतो तो घेणारा. तो मनातल्या मनात गाडी घरी नेऊन वापरायला लागलेला असतो. आणि जो 'छान आहे' म्हणतो ना, त्याला चहा पाजा आणि पाठवा. तो गेला." मी माझ्या परीने ताडून पाहिलं होतं. काका सहसा चुकत नसत.

धंद्याचं वारं मात्र फिरलं होतं. लोकांना उंच गाड्या हव्या झाल्या. ज्यांना सपाट रस्त्यावरून ऑफिसला जायचं आहे त्यांनाही डोंगर चढणारी गाडी पाहिजे. कंपनीला एका उंच गाडीत जेवढं सुटतं तेवढं चार छोट्या विकून सुटत नाही, त्यामुळे कंपनीनेही छोटीकडे पाठ फिरवली. वर्षातून दोनदा किंमत वाढल्याचं पत्रक येई आणि कारण म्हणून पोलादाचा भाव लिहिलेला असे. पोलाद स्वस्त झालं म्हणून किंमत उतरवल्याचं पत्रक माझ्या फाइलला एकही नाही. त्यात सुरक्षेचे नियम कडक झाले. नियम चांगलेच आहेत, माणसं वाचतात. पण एअरबॅगचा खर्च मोठ्या गाडीला आणि छोट्या गाडीला जवळपास सारखाच पडतो. मोठीच्या किमतीत तो जिरून जातो, छोटीच्या किमतीत उठून दिसतो. बाजूच्या एअरबॅग बसवायच्या तर छोटीच्या सीटचा सांगाडाच बदलावा लागणार होता. कंपनीने हिशेब केला आणि छोटी गाडी बंद करायचं ठरवलं. शेवटचा लॉट आला तेव्हा काकांच्या निवृत्तीला एक तिमाही उरली होती.

आणि काकांना त्यातली एक स्वतःसाठी हवी होती.

इतकी वर्षं गाड्या विकून त्यांच्या घरी स्कूटरच होती. दरवर्षी जेवढं साठायचं तेवढीच किंमत पुढे सरकायची. त्याचं त्यांना फारसं वाटत नसे. दोघं स्कूटरवर सगळीकडे जात. पण अलीकडे काकूंचं मणक्याचं दुखणं सुरू झालं आणि डॉक्टरांनी त्यांना मागे बसायला मनाई केली. तेव्हापासून कुठे जायचं तर काका स्कूटरवर आणि काकू बसने. "एकाच घरातून निघतो आणि पाहुण्यासारखे वेगवेगळे पोचतो," काका म्हणाले होते. ग्रॅच्युइटीची रक्कम आणि नोकरीत असेपर्यंतच मिळणारी कर्मचारी सवलत, दोन्ही जमेला धरली तर बेसिक बसत होती. फक्त बेसिक. तिच्यावरची कुठलीच नाही. मी स्वतः आकडे मांडून दिले होते.

काकू घरी सीट कव्हर शिवत. आमच्या ॲक्सेसरी काउंटरवर जी कव्हरं विकली जात त्यातली बहुतेक त्यांच्या मशिनीवरची. गाडीत फारशा बसलेल्या नव्हत्या, पण प्रत्येक मॉडेलची सीट कुठे फुगते आणि कुठे आत जाते हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. नव्या गाड्या यायला लागल्यापासून त्यांचं काम कमी होत गेलं. सीटच्या शिवणीतच एअरबॅग आली म्हणजे वरून कव्हर चढवता येत नाही. धडकेच्या वेळी ती उघडणारच नाही. काउंटरने ऑर्डर देणं थांबवलं. काकांनी हे घरी सांगितलं नव्हतं. "सध्या मंदी आहे," असं सांगून ठेवलं होतं. मला म्हणाले, "गाडी घरी येऊ दे. मग गाडीत बसवून सांगतो."

बेसिकचा रंग पांढराच येतो हे कळल्यावर काकूंनी आपल्या गाडीसाठी निळी कव्हरं शिवली. आतला रंग तरी आपल्या मनासारखा असू दे म्हणून.

शेवटच्या लॉटमधली एक गाडी काकांनी यार्डात बाजूला काढून ठेवली होती. बुकिंगचा अर्ज भरला मात्र नव्हता, कारण गाडीत बसल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत हा त्यांचा गिऱ्हाइकांसाठीचा दंडक, आणि बायकोला तो लागू नाही असं त्यांना वाटलं नाही. एक दिवस काकूंना घेऊन आले. अर्थात बाजूच्या दाराने. दाराशी त्यांना उभं केलं.

"तू इथेच थांब. मी यार्डातून गाडी आणतो. आत जाऊ नकोस."

"का? आत काय वाघ आहे?"

"थांब म्हटलं ना. दहा मिनिटांत आलो."

यार्डात ती गाडी इतर गाड्यांमागे अडकली होती, ती काढायला वेळ लागला. तेवढ्यात टॅबताई कशाला तरी वर्कशॉपकडे आली. ही आमची सगळ्यात तरुण सेल्सवुमन. हातात कायम टॅबलेट, म्हणून हे नाव. मनाने फार चांगली. काकूंना काउंटरवर येता-जाता ओळखत होती.

"अगं बाई, काकू! या ग्रीसच्या वासात काय करताय?"

"हे म्हणाले इथेच थांब."

"काकांचं काय ऐकताय! पाठ दुखते ना तुमची? चला आत. बसा जरा."

आणि हॉलमध्ये सगळ्यात मऊ बसायची जागा जी होती तिथे तिने काकूंना नेऊन बसवलं. टॉपमध्ये. दार लावलं, एसी सुरू केला, बटण दाबून सीट मागे घेतली. काकू दचकल्या, मग हसल्या. दार पुन्हा उघडून टॅबताई बाजूला उभी राहिली आणि त्यांच्याशी गप्पा मारू लागली. माझ्या केबिनचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. मी उठून काही बोलायला हवं होतं की काय, मला कळेना. बोलणार तरी काय? वयस्कर बाईला बसायला दिलं, यात कुणाला थांबवणार?

काकूंचा अंगठा सवयीने सीटच्या कडेवरून फिरत होता. एका ठिकाणी थांबला.

"हे काय गं शिवणीत? फडकं कसलं बारीक?"

"ते एअरबॅगचं लेबल, काकू. आत असते ती. धडक बसली की इथून शिवण फाडून बाहेर येते."

"आणि वर कव्हर असलं तर?"

"नाही ना घालायचं. आपण देतच नाही आता. पुढे सगळ्याच नव्या गाड्यांना असं असणार." मग तिच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे, काकांनी सांगितलं असेलच की तुम्हाला."

"हो हो," काकू म्हणाल्या. "म्हणाले होते."

अंगठा तिथेच राहिला.

काका चावी हातात घेऊन आले आणि मध्येच थांबले. रागावलेल्या गिऱ्हाइकाने अंगावर कागद फेकले तरी हसत उचलणारा हा माणूस. पण त्या दिवशी आवाज चढला.

"उतर खाली."

"अहो, एसी लावला हिने, म्हणून बसले जरा."

"मी कुठे थांबायला सांगितलं होतं?"

"काका, मीच बसवलं," टॅबताई म्हणाली. "चिडू नका ना. नुसतं बसायला काय पैसे पडतात?"

"तुला नाही पडत," काका म्हणाले.

बाजूच्या दाराशी पांढरी बेसिक उभी होती, धुऊन पुसून. काकू तिच्यात बसल्या. घरून आणलेली कव्हरांची पिशवी मांडीवर होती, ती त्यांनी उघडली नाही. काका खिडकीशी वाकले.

"कशी आहे?"

"छान आहे."

"मागे बसून बघ. पाय पुरतात का ते बघ."

काकू मागे जाऊन बसल्या. "पुरतात की. छान आहे."

"काच फिरवून बघ."

त्यांनी हँडल अर्धं फिरवलं. "छान फिरते."

काका छतावर हात ठेवून उभे राहिले. नंतर जे म्हणाले ते त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकालाही ते हे वाक्य बोलू देत नसत. "दोन दिवस विचार करू या," ते म्हणाले.

काकूंना बसमध्ये बसवून ते माझ्या केबिनमध्ये आले.

"संपलं हो, हिशेबवाले. वरची बघितली तिने."

"त्या काही म्हणाल्या का?"

"छान आहे म्हणाली. तीनदा."

"अहो, छान वाटली असेल म्हणून म्हणाल्या असतील."

"तुम्ही आकडे बघा. माणसं मला बघू द्या."

"मग सरळ विचारा ना त्यांना."

"काय विचारू? विचारलं तर घेऊ या म्हणेल. कधी कशाला नाही म्हटलंय तिने? मनातून उतरलेल्या गाडीत तिला आयुष्यभर बसवू?" मग खुर्ची पुढे ओढली. "बेसिकच्या वरची जरा मांडून बघा. टॉप राहू दे. मधली."

मी मांडली. विमा वेगळा धरला, सवलत पूर्ण धरली, त्यांच्यासमोर पुन्हा मांडली. बसत नव्हती. आकड्यांना आपण दटावू शकत नाही. काकांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, "असू दे."

ते दोन दिवस घरात गाडीचा विषय निघाला नाही. काकांनी काढला नाही, म्हणून काकूंनीही काढला नाही. मी फोन करून काकूंशी बोलावं असं माझ्या मनात आलं होतं. पण नवरा-बायकोच्या मध्ये आपण कोण, असं म्हणून मी राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा मेल आला. भाड्याच्या टॅक्सी चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने छोटी गाडी जिथे जिथे शिल्लक होती तिथून एकगठ्ठा उचलली होती. बुकिंग नसलेली प्रत्येक गाडी त्यांना द्यायची. मॉडेल आजपासून बंद.

धाकटे मालक, म्हणजे आमच्या मालकांचे चिरंजीव, काकांना मान देत. त्यांनी स्वतः कंपनीला फोन लावला. मग काकांना बोलावून घेतलं.

"काका, सिस्टीममधून मॉडेलच काढलंय हो. नावच येत नाही. काल तुमचा अर्ज असता तर मी भांडलो असतो."

"कोणाशी?" काकांनी विचारलं.

धाकट्या मालकांनी विचार केला. "तेच ना," ते म्हणाले. "तिकडे फोनवर रोज वेगळाच कोणीतरी असतो."

ट्रेलर आला तेव्हा चाव्या द्यायला काकांनाच जावं लागलं. यार्डाचं कपाट त्यांच्या ताब्यात असे. बाजूला काढलेली गाडी सगळ्यात शेवटी चढली. काका परत येऊन रोजच्यासारखे फाटकापाशी उभे राहिले. फक्त आता गिऱ्हाईक आलं की ते समोरच्या दाराकडे हात करत. दुसरीकडून आणून दाखवायला काही उरलंच नव्हतं.

टॅबताईने माझ्याकडे येऊन विचारलं, "काका माझ्यावर रागावलेत का हो? मी केलं काय पण?" मी म्हटलं, काही नाही केलंस. ते खरंच होतं.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीकडून काकांना टेबलावर ठेवायची एक छोटी धातूची गाडी मिळाली. टॉप मॉडेल. छत उघडतं तिचं.

काही महिन्यांनी त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार लागला, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघालो. काकांनी मोबाइलवरून टॅक्सी मागवली. आली ती पांढरी छोटी गाडी. दारावर टॅक्सी कंपनीचं नाव, चाकांना झाकणं नाहीत. काकांनी दार उघडलं. पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. काकू आणि मी मागे.

काकूंनी बसल्या बसल्या सीट चाचपली. कापड फिकं पडलं होतं आणि मध्ये डाग होते. "अहो, कव्हरं नाही घातलीत?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"परवानगी नाही, काकू. सीटवर कंपनीचं नाव छापलंय ना, ते दिसायला पाहिजे. झाकलं की दंड."

"माझ्याकडे तयार आहेत. अगदी या सीटची."

"असतील हो," ड्रायव्हर म्हणाला. "पण नाही चालणार."

काका समोर बघत होते. थोड्या वेळाने जुनी सवय वर आली. "गाडी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"कशी असणार! एसी मागे पोचतच नाही. हॉर्न असा की माणूस बाजूला व्हायच्या ऐवजी हसतो. डिकीत दोन बॅगा ठेवल्या की तिसरी मांडीवर."

काकांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी काहीतरी हललं. "तुम्हाला घ्यायची होती की काय स्वतःसाठी?"

"हो ना! पैसे जमेपर्यंत बंदच केली त्यांनी."

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बघा, मी म्हणत होतो, अशा अर्थाने. माणसं ओळखण्यातला त्यांचा हात अजून बसलेला होता.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आणि हे काचेचं हँडल किती जड आहे हो. हाताला टोचतं. दाराचा खिसाही उथळ, पाण्याची बाटली सुद्धा राहायची नाही. आणि पाठीला इथे खालच्या बाजूला एक उशी लागेलच मला."

काका वळलेलेच राहिले. पण आता माझ्याकडे बघत नव्हते.

"हे त्या दिवशी का नाही बोललीस?"

"त्या दिवशी मी कुठे गाडी बघत होते! त्या मोठ्या गाडीची शिवण बघितली आणि डोकंच सुन्न झालं. म्हटलं, आपलं काम गेलं आणि हे मला सांगत नाहीयेत. तुम्ही विचारत होतात कशी आहे, मी आपली म्हणत होते छान आहे."

"वरची हवीशी वाटली नव्हती तुला?"

"वरची? ती कशाला? सीट हलते ती! मला ही हवी होती. हवी होती म्हणून तर कव्हरं शिवली. मग तुम्हीच गप्प बसलात. मला वाटलं, पैशाचं जमत नसेल, कशाला खोदून विचारा."

काका पुढे वळून बसले. ड्रायव्हर सरळ रस्त्याकडे बघत होता. मी माझ्या हातातल्या फाइलची नाडी सोडून पुन्हा बांधली. सिग्नलला गाडी थांबली. काकांचा हात त्यांच्या बाजूच्या काचेच्या हँडलवर गेला. त्यांनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली करायला घेतली.

"साहेब, नका फिरवू," ड्रायव्हर म्हणाला. "हातात येतं ते निघून."